कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर लोकांनी बाग फुलवली, पण जमीन कुणाची? न्यूयॉर्कमधला ५० वर्षांचा वाद काय आहे

न्यूयॉर्कचे महापौर झोहरान ममदानी आपल्याकडेही आता सगळ्यांना माहीत झालेत. दिग्दर्शिका मीरा नायर यांचा मुलगा आणि घरभाड्याच्या प्रश्नावर निवडणूक जिंकलेला नेता. सामान्य माणसाला परवडतील अशी घरं बांधायची, हे त्यांचं मोठं आश्वासन. प्रचारात त्यांनी एका जागेचं नाव घेऊनच सांगितलं होतं की इथे घरं होणार. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडून आल्यावर काही दिवसांतच त्यांना म्हणावं लागलं की तिथे घरं बांधणं आता जवळपास अशक्य झालंय.

ती जागा म्हणजे मॅनहॅटनमधली एलिझाबेथ स्ट्रीट गार्डन. क्षेत्रफळ सुमारे २० हजार चौरस फूट. आपल्या हिशोबात १८ गुंठ्यांच्या आसपास. एवढ्याशा तुकड्यासाठी दहा वर्षांहून जास्त काळ भांडण चाललं, कोर्टकचेऱ्या झाल्या, रॉबर्ट डी नीरो आणि मार्टिन स्कॉर्सेसीसारखी माणसं बागेच्या बाजूने बोलली.

आता वाटेल, बाग विरुद्ध बिल्डर असं हे नेहमीचं प्रकरण असेल. पण इथे समोर बिल्डरचा टॉवर नव्हता. समोर होती गरीब म्हाताऱ्या माणसांसाठीची १२३ घरं.

हा पेच समजून घ्यायचा तर ५० वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात झाली कुंपणापलीकडे बिया फेकण्यापासून

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कची परिस्थिती बिकट होती. कारखाने आणि मध्यमवर्ग शहर सोडून जात होते. १९७५ मध्ये तर महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली. भाडं येईना आणि कर भरणं परवडेना, म्हणून अनेक घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या. काही जळाल्या, काही पाडल्या गेल्या. कर थकलेल्या जागा महापालिकेच्या ताब्यात आल्या, पण त्यांचं काय करायचं हे महापालिकेलाही कळेना. मग तिथे राडारोडा, उंदीर आणि नशा करणाऱ्यांचे अड्डे, हे ओघाने आलंच.

लिझ ख्रिस्ती नावाची एक चित्रकार आणि तिचे मित्र यांनी यावर साधा उद्योग सुरू केला. बिया, खत आणि पाणी यांचे गोळे करायचे आणि पडीक जागांच्या कुंपणापलीकडे फेकायचे. गटाला नाव दिलं ग्रीन गुरिल्लाज. १९७३ मध्ये त्यांनी बोवरी आणि हाउस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची एक जागा साफ करायला घेतली. राडारोडा उपसला, माती टाकली, वाफे तयार केले, भाज्या लावल्या. १९७४ मध्ये महापालिकेने ती जागा त्यांना रीतसर भाड्याने दिली. भाडं होतं महिना एक डॉलर.

ते बघून वस्त्या-वस्त्यांमधून लोक विचारायला लागले, आम्हालाही शिकवा. १९७८ मध्ये महापालिकेने यासाठी ग्रीनथंब नावाची योजनाच सुरू केली. जमीन महापालिकेची, राबणारे लोक वस्तीतले. आज या योजनेत साडेपाचशेच्या आसपास बागा आहेत. लिझ ख्रिस्ती १९८५ मध्ये वारली. पहिली बाग आज तिच्याच नावाने ओळखली जाते.

पगार नाही, माळी नाही, मग बाग चालते कशी?

आपल्या सोसायटीत सत्यनारायणाच्या प्रसादाला सगळे हजर असतात आणि वर्गणी गोळा करायला तीनच माणसं. बागेचंही तसंच असतं. मार्च-एप्रिलमध्ये उत्साहाने वाफा मागणारे पुष्कळ, जुलैच्या उन्हात तण उपटायला येणारे मोजके. त्यामुळे ज्या बागा टिकल्या त्यांनी झाडांइतकंच नियमांकडे लक्ष दिलं. वाफा कुणाला मिळणार, प्रतीक्षायादी कशी चालणार, आठवड्यात किती वेळ सामाईक काम करायचं, वाफा ओसाड ठेवला तर तो कधी काढून घ्यायचा, हे सगळं लिहून ठेवलेलं असतं.

अडचणी खास शहरी असतात. पाडलेल्या इमारतींच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं असू शकतं, म्हणून लाकडी चौकटी करून त्यात बाहेरून आणलेली माती भरतात आणि त्यात भाज्या लावतात. पाणी बऱ्याचदा परवानगी काढून रस्त्यावरच्या अग्निशमनाच्या नळावरून घेतात.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे दार उघडं ठेवणं. ग्रीनथंबच्या बागांना एप्रिल ते ऑक्टोबर या काळात आठवड्याला किमान २० तास बाग सगळ्यांसाठी उघडी ठेवावी लागते. कारण सरळ आहे. जागा सार्वजनिक आहे, तर ती २० सभासदांची खासगी वाडी होता कामा नये.

अनेक बागा प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांनी उभ्या केल्या. त्यांनी तिथे गावाकडच्यासारखी छोटी लाकडी घरं बांधली, त्यांना ते कासिता म्हणतात. लग्न, बारसं, गाणी, पत्ते सगळं तिथेच. ज्यांच्या घरात चार माणसांना धड बसायला जागा नव्हती, त्यांना ही बाग म्हणजे अंगण होती.

मग १९९९ उजाडलं

१९९० च्या दशकात शहर सावरलं. जमिनीचे भाव चढले. ज्या कोपऱ्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, ते आता सोन्याचे तुकडे झाले. महापौर होते रुडी जुलियानी. १९९९ मध्ये त्यांच्या प्रशासनाने शंभराहून जास्त बागांच्या जमिनी लिलावात काढायचं ठरवलं. लोकांनी ओरड केली तेव्हा जुलियानी यांचं म्हणणं होतं की ही मुक्त बाजाराची अर्थव्यवस्था आहे, साम्यवादाचा काळ संपला.

लिलावाच्या तोंडावर तडजोड झाली. अभिनेत्री बेट मिडलर यांनी स्थापन केलेली न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट ही संस्था आणि ट्रस्ट फॉर पब्लिक लँड या दोघांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलर मोजले आणि त्या बागा विकत घेतल्या. म्हणजे लोकांनी फुकट राबून जी जागा राहण्यालायक केली, तीच वाचवायला पुन्हा पैसे मोजावे लागले.

सगळ्याच बागा इतक्या नशीबवान नव्हत्या. पूर्व सातव्या रस्त्यावरची एस्पेरांझा बाग दोन दशकांहून जुनी होती. एस्पेरांझा म्हणजे आशा. ती वाचवायला कार्यकर्त्यांनी तिथे एक भलामोठा बेडूक उभारला. कोकी हा प्वेर्तो रिकोचा लाडका बेडूक, त्याची ती प्रतिकृती. त्याच्या पोटात बसून लोक रात्रंदिवस पहारा देत. १५ फेब्रुवारी २००० ला बुलडोझर आला, साखळदंडाने स्वतःला बांधून घेतलेल्या लोकांना अटक झाली आणि बाग भुईसपाट झाली. राज्याच्या महाधिवक्त्यांनी मागितलेला बुलडोझरविरोधी मनाई हुकूम त्याच दिवशी आला, पण बाग गेल्यानंतर.

अखेर २००२ मध्ये नवे महापौर ब्लूमबर्ग आणि महाधिवक्ता स्पिट्झर यांच्यात समझोता झाला. जवळपास ४०० बागांना संरक्षण मिळालं आणि दीडशेच्या आसपास जागांवर घरं बांधायचा मार्ग मोकळा राहिला.

राबणाऱ्याची मेहनतच त्याच्या मुळावर

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या व्होइकू आणि बीन या संशोधकांनी सामुदायिक बागांभोवतीच्या घरांच्या किमती अभ्यासल्या. २००८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाग सुरू झाल्यावर हजार फुटांच्या परिसरातल्या किमती वाढतात आणि हा परिणाम गरीब वस्त्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो, असं त्यात आढळलं. सर्वात गरीब वस्त्यांत पाच वर्षांत हा फरक ९.४ टक्के बिंदूंपर्यंत गेला होता.

वाचायला छान वाटतं. पण त्या वस्तीतले बहुतेक लोक भाडेकरू असतात. किंमत वाढली की फायदा घरमालकाचा आणि भाडेवाढ भाडेकरूच्या माथी. शिवाय जागेचा भाव वाढला की बागेची जमीनही नजरेत भरते. कचरा उचलणाऱ्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या बेदखलीची तयारी करावी, असा हा प्रकार.

लॉस एंजेलिसमध्ये हेच घडलं. १९९२ च्या दंगलींनंतर तिथल्या साउथ सेंट्रल भागात १४ एकरांवर लोकांनी शेती सुरू केली. साडेतीनशेच्या आसपास कुटुंबं मका, मिरच्या, निवडुंग पिकवत होती. २००३ मध्ये शहराने ती जमीन जुन्या मालकाला सुमारे ५० लाख डॉलरला परत विकली. तीनच वर्षांत त्याची किंमत १ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. जून २००६ मध्ये शेतकऱ्यांना हुसकावून पिकांवर बुलडोझर फिरवला गेला. या लढ्यावरचा द गार्डन हा माहितीपट पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला, पण शेती परत आली नाही.

आपल्याकडे शेतजमिनीसाठी 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व कायद्यात आलं. १९४८ चा कूळ कायदा, त्यात पुढे झालेली दुरुस्ती आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन यामुळे लाखो कुळं मालक झाली. शहरातल्या बागेला मात्र असं कूळ लागत नाही. ३० वर्षं राबलात तरी कागदावर तुम्ही पाहुणेच.

एलिझाबेथ स्ट्रीटवर बरोबर कोण होतं?

इथे उत्तर सोपं नाही. ही जमीन महापालिकेची. १९९१ मध्ये एका कलादालनाच्या मालकाने ती महिन्याच्या कराराने घेतली, साफ केली, झाडं लावली, दगडी पुतळे ठेवले. बरीच वर्षं बागेत जायचं तर त्यांच्या दालनातून जावं लागे. २०१२ मध्ये इथे परवडणारी घरं बांधायचा विचार पुढे आला. त्यानंतर २०१३ पासून स्वयंसेवकांनी बाग नियमितपणे सगळ्यांसाठी उघडायला सुरुवात केली. म्हणजे धोका दिसल्यावर दार उघडलं, असा टीकाकारांचा आक्षेप होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

दुसऱ्या बाजूला, त्या दाट वस्तीत मोकळी जागा फारच कमी. दररोज येणाऱ्या म्हाताऱ्यांना, शाळेच्या मुलांना ती जागा हवीच होती.

आणि घरांची गरज? महापालिकेच्या २०२३ च्या पाहणीत शहरातल्या भाड्याच्या १०० घरांमागे जेमतेम दीड घर रिकामं होतं. प्रस्तावित १२३ घरांपैकी काही बेघर ज्येष्ठांसाठी राखीव होती. फुटपाथवर झोपणाऱ्या ७० वर्षांच्या माणसाला 'बाग बघ किती सुंदर आहे' असं सांगता येत नाही.

जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. बाग जाणार हे नक्की वाटत होतं. पण जून २०२५ मध्ये महापौर एरिक ॲडम्स यांनी घूमजाव केलं. तिथल्या नगरसेवकाने त्याच भागातल्या इतर तीन जागांवर सहाशेहून जास्त परवडणाऱ्या घरांना पाठिंबा द्यायचा, त्या बदल्यात बाग ठेवायची, असा सौदा झाला. आणि खुर्ची सोडण्याआधी ॲडम्स यांनी ती जागा अधिकृत उद्यान म्हणून नोंदवली.

ही शेवटची खेळी महत्त्वाची आहे. न्यूयॉर्कमध्ये जमीन एकदा उद्यान ठरली की तिचा दुसरा वापर करायला राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी लागते. नुसत्या महापौराच्या सहीने ते होत नाही. म्हणून ममदानी यांचे हात बांधले गेले. जे दहा वर्षांच्या सह्यांच्या मोहिमेने झालं नाही, ते एका कागदाने झालं.

आपल्याकडे याचा अर्थ काय?

महाराष्ट्रात मोकळ्या जागेचं भवितव्य असंच कागदावर ठरतं. विकास आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर बागेचं आरक्षण असलं तरी ती आपोआप बाग होत नाही. एमआरटीपी कायदा, १९६६ च्या कलम १२७ नुसार १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षणच रद्द होतं. म्हणजे तुम्ही तिथे झाडं लावत बसलात आणि आरक्षणाची तारीख कुणीच पाहिली नाही, असं होऊ शकतं.

उलटा धोकाही आहे. मुंबईत मैदानं आणि बागा देखभालीसाठी संस्थांना देण्याच्या धोरणावर वर्षानुवर्षं वाद झाले. काही ठिकाणी सांभाळायला दिलेल्या मैदानावर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणूस गेटबाहेर राहिला. २०१६ मध्ये महापालिकेने दत्तक धोरण मंजूर केलं तेव्हा एवढा विरोध झाला की मुख्यमंत्री फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली.

म्हणून तुमच्या गल्लीतल्या पडीक जागेवर चार माणसं जमून बाग करायचं ठरवत असाल, तर जरूर करा. पण खुरपं विकत घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. मालमत्ता पत्रक किंवा सातबारावर नाव कुणाचं आहे? विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय आणि कधीपासून? आणि लेखी परवानगी कुणाची, किती वर्षांची?

चौथी गोष्ट तुमच्या हातात आहे. दार सगळ्यांसाठी उघडं ठेवा. कारण उद्या बुलडोझर आलाच, तर समोर उभं राहायला तीच माणसं येतील ज्यांना त्या बागेत बसायला जागा मिळाली होती.