मूळ पुली कुठे आहे?

जुन्या डॉज चॅलेंजर हेलकॅटचा भाव सांगताना विक्रेते आधी अश्वशक्तीचा आकडा पुढे करतात. २०१५च्या मॉडेलपासून ही गाडी कारखान्यातूनच ७०७ अश्वशक्ती घेऊन बाहेर पडत होती. त्यावर एखाद्या मालकाने सुपरचार्जरला लहान पुली लावली, इंजिन-संगणकाचा ट्यून बदलला, ई८५ या इथेनॉलमिश्रित इंधनाची सोय केली, की या सगळ्याची बिलं बेरजेला धरून तो किंमत मागतो. आमच्या मते हा हिशेब चुकीचा आहे. पुली लहान झाली की सुपरचार्जर जास्त वेगाने फिरतो, इंजिनात जास्त हवा कोंबली जाते आणि त्याबरोबर उष्णता व इंधनाची गरजही वाढते; इंधन कमी पडलं तर पिस्टन जळतो. विकण्याआधी मूळ पुली परत चढवता येते, पण पिस्टनने सोसलेला ताप काढून टाकता येत नाही. गिऱ्हाईक भाव पाडतं ते या न दिसणाऱ्या झिजेपोटी. त्यामुळे बदल कोणी केला, ट्यून कोणत्या इंधनासाठी केला आणि काढलेला मूळ संगणक कुठे आहे, याची नोंद आम्ही वाढलेल्या अश्वशक्तीपेक्षा मोलाची मानतो. या गाड्यांचा इंजिन-संगणक कंपनीने कुलूपबंद केलेला असल्यामुळे ट्यूनसाठी बहुधा दुसरा बसवावा लागतो. जुना हरवला असेल, तर नवा मालक गाडी मूळ रूपात आणणार कशी?

कंपनीनेच याचा उत्तम नमुना घालून दिला आहे. २०१८च्या चॅलेंजर डेमनच्या ३,३०० गाड्या निघाल्या. साध्या प्रीमियम पेट्रोलवर तिची शक्ती ८०८ होती. ८४० गाठायला शर्यतीचं इंधन आणि एक डॉलर जादा मोजून मिळणाऱ्या पेटीतला संगणक लागत असे. पुढची अरुंद चाकं आणि हत्यारंही त्याच पेटीत येत. म्हणजे हा बदल मुळातच नोंदलेला आणि उलटवता येण्याजोगा होता. डेमन विकत घेताना ती पेटी पूर्ण आहे का, हे आधी पाहावं. मग मीटरवरचे मैल.

यावर आक्षेप असा की शौकीन माणूस शक्तीसाठी पैसे मोजतोच, आणि येन्को या विक्रेत्याने विकलेली १९६९ची शेव्हरोले कॅमेरो आज साध्या कॅमेरोच्या कितीतरी पट भावाने विकली जाते. खरं आहे. पण येन्कोचं ४२७ घनइंची इंजिन शेव्हरोलेच्या खास ऑर्डरीतून आलं होतं, आणि आजचा खरेदीदार त्या ऑर्डरीचे कागद मागतो. ते नसतील तर तोच रंग, तेच पट्टे असूनही गाडी नक्कल ठरते. दुसरं म्हणणं टंचाईचं: चॅलेंजरचं उत्पादन डिसेंबर २०२३मध्ये थांबलं, कॅमेरोचंही त्याच सुमारास, तेव्हा आता सगळ्याच गाड्या चढतील. आम्हाला हे पटत नाही. बदललेल्या दर गाडीमागे न छेडलेली एक गाडी कमी होते, आणि टंचाईचा फायदा आधी तिलाच मिळतो.

कायद्याची बाजूही विसरू नये. कॅलिफोर्नियाच्या धूरतपासणीत १९ जुलै २०२१पासून संगणकातलं सॉफ्टवेअरही तपासतात. मान्यता नसलेला ट्यून सापडला की गाडी नापास. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर साऱ्या अमेरिकेत बेकायदा आहे. अशी गाडी स्वस्तात घेऊन ‘पुढचा बघून घेईल’ म्हणणारा व्यापारी आपल्याच धंद्याची पत घालवतो.

तेव्हा दरपत्रक असं असावं: आधी न बदललेल्या गाडीचा चालू भाव. कागद असलेल्या, मान्यताप्राप्त भागांचे त्यात जुन्या भागांच्या दराने पैसे मिळवावेत, बिलाच्या दराने नव्हे. मूळ भाग सोबत नसतील, तर ते आणून बसवण्याचा पूर्ण खर्च वजा करावा.