तहात हरलो म्हणे!

गेल्या दिवाळीनंतर एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. नववीतली एक मुलगी कान्होजी आंग्र्यांवर बोलली. गुराबा, गलबतं, तोफा, इंग्रजांची दाणादाण, सगळं झालं आणि शेवटी मूठ आवळून ती म्हणाली, ‘मराठे रणात जिंकले, पण तहात हरले!’ टाळ्या पडल्या. मीही दहापैकी नऊ गुण दिले. दातात अडकलेल्या सुपारीच्या कणासारखं ते वाक्य तेव्हापासून टोचतंय. वर्षभर ते सगळीकडे भेटलं. जयंतीच्या मंडपात, कर्जत लोकलच्या दारात, खोपोलीच्या टपरीवर. प्लॉटचा सौदा फसला तरी आमच्याकडे लोक हेच ऐकवतात.

कान्होजींच्या बाबतीत ते साफ खोटं आहे, आणि पुरावा आपल्या डोक्यावर उभा आहे. कोंडिवड्याच्या शिवारातून मान वर केली की राजमाची दिसतो. दर्यावरचा हा माणूस घाटमाथ्यावर काय करत होता?

साल १७१३. कान्होजी तेव्हा कोल्हापूरच्या गादीच्या बाजूचे. वर्षाच्या आरंभीच त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी समेट केला. कारवारच्या वखारप्रमुखाची विधवा त्यांच्या कैदेत होती, तिला खंडणी घेऊन परत पाठवलं. दर्याची बाजू अशी शांत करून घेतली आणि मग घाट चढले. लोहगड घेतला, राजमाची घेतला. साताऱ्याच्या गादीवरच्या शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना धाडलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं!

मग नवे पेशवे नेमले गेले, बाळाजी विश्वनाथ. श्रीवर्धनचे, म्हणजे आजच्या आपल्याच जिल्ह्यातले. फौज होती, पण त्यांनी बोलणं पसंत केलं. लोणावळ्याजवळ वळवणला बैठक झाली. (हल्ली त्या बाजूला आपण फक्त चिक्कीसाठी थांबतो.) १७१४ च्या त्या तहात कान्होजींनी कोल्हापूरची बाजू सोडली, पिंगळ्यांना मोकळं केलं, जिंकलेली ठाणी परत दिली. राजमाची मात्र ठेवून घेतला. बदल्यात मिळाले दहा किल्ले, सोळा लहान ठाणी, आरमाराचा कारभार आणि ‘सरखेल’ हा किताब.

इतिहासकार ग्रँट डफने दिलेली त्या किल्ल्यांची आणि ठाण्यांची यादी यंदा पुन्हा बोट ठेवून वाचली. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही नावं अपेक्षितच. पण खाली विकटगड आहे. विकटगड म्हणजे नेरळच्या माथ्यावरचा आपला पेब! आणि माणिकगड, रसायनीच्या माणसाला रोज दिसतो तो. आरमाराच्या प्रमुखाने तहात आपले डोंगर मागून घेतले होते, आणि आपण शनिवार-रविवारी त्यांच्यावर वडापावचे कागद टाकून येतो.

सांगा, यात हरलं कोण? शाहूंना आरमार मिळालं आणि कान्होजींच्या पाठीशी सातारा उभा राहिला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज जोडीने कुलाब्यावर चालून आले, तेव्हा साताऱ्याची फौज मदतीला खाली उतरली. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला आणि इंग्रज हात चोळत मुंबईला परतले. हे सगळं वळवणला झालेल्या बोलण्याचं व्याज होतं. पण रील बनवणाऱ्याला तोफ पुरते. तहनाम्यावर ढोल वाजत नाहीत. आणि चार जणांना एका सतरंजीवर बसवून जे मिळतं ते मिळवणारा माणूस आपल्याला नेहमी थोडा पडखाऊच वाटतो, मग तो ग्रामपंचायतीतला असो की बांधाच्या भांडणातला.

बाकी वर्ष तुम्हाला ठाऊकच आहे. पाऊस रेंगाळला, भात आडवं झालं, कागद पुन्हा महागला. अंकाचा विषय ‘शेजार’ आहे आणि त्यात सरखेल ओढून-ताणून आणल्याचा आरोप मला मान्य आहे. तरी बांधावरच्या वादांवरचा लेख आधी वाचा, मग बोलू. किंमत दहा रुपयांनी वाढली आहे. दरवर्षी कुरकुरता आणि दरवर्षी घेता, तसंच यंदाही करा.

त्या मुलीचे गुण आता कमी करता येत नाहीत, करायचेही नाहीत. चूक तिची नव्हती. हा अंक तिच्या शाळेला पाठवतो आहे, याच पानात खूण घालून.