शब्दकोडे: इतिहासाचे दुर्लक्षित साधन

१/५
ब्रिटिश वृत्तपत्रातील शब्दकोडे अडले, की आपण स्वतःच्या इंग्रजीला दोष देतो. माझ्या मते हा दोष अस्थानी आहे.

२/५
त्या कोड्यांत ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल असेलच असे नाही. ‘फ्लो’ म्हणजे वाहणे. जी वाहते ती नदी! मग उत्तर निघते केंब्रिजची ‘कॅम’. ‘आंटी’ म्हटले, की बीबीसी.

३/५
हे ज्ञान शब्दकोश पाठ करून येत नाही. ते तिथल्या शाळेतील नकाशातून आणि घरातील रेडिओतून येते.

४/५
‘द टाइम्स’च्या दैनिक अंकातील पहिले शब्दकोडे १ फेब्रुवारी १९३० रोजी छापले गेले. ते रचणारे एड्रियन बेल हे सफक परगण्यातील शेतीजीवनावर लिहिणारे लेखक. त्यांचे पुत्र मार्टिन बेल पुढे बीबीसीचे युद्धवार्ताहर झाले. लेखक, प्रसारक आणि स्थानिक भूगोल, तिन्ही एकाच घरात!

५/५
म्हणूनच अडलेले कोडे हा आपल्या बुद्धीचा पराभव मानू नये. आयते उत्तर शोधण्यापूर्वी इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावे: रचनाकाराने कोणता वाचक गृहीत धरला होता, आणि कोणाला उंबरठ्याबाहेर ठेवले होते?