पळालो की सुटलो?

सकाळी पावणेनऊची चर्चगेट फास्ट. लेडीज डबा. मला चौथी सीट मिळालीय, म्हणजे अर्धी मी सीटवर आणि अर्धी हवेत.

आता जरा आजूबाजूला बघा. शरीरानं सगळ्याजणी अंधेरीच्या आसपास आहेत. मनानं? इअरफोनवाली सोलमध्ये पोचलीय. खिडकीतली बॉसच्या टेबलावर राजीनामा आपटतेय (ओठ हलतायत, म्हणजे भाषण रंगात आलंय). आणि मी? माझ्या कादंबरीचं प्रकाशन चालू आहे. हॉल फुल्ल. पहिल्या रांगेत माझा जुना बॉस, हातात पुस्तक घेऊन सहीसाठी ताटकळलेला.

कादंबरीचं एकही पान लिहून झालेलं नाही. प्रकाशन सोहळे मात्र चाळीसेक तरी झाले असतील.

आपल्याकडे याला मस्त शब्द आहेत. मनोराज्य. मनातले मांडे. आणि टोमणाच मारायचा असेल तर पळपुटेपणा. हल्ली सगळे ‘एस्केपिझम’ म्हणतात. शब्द कुठलाही घ्या, सूर एकच. जगाला तोंड द्यायची हिंमत नाही, म्हणून चालली स्वप्नात!

मलाही असंच वाटायचं. मग वसईच्या एका मैत्रिणीमुळे सगळा घोळ झाला.

२०२३ चा पावसाळा. तिचे पप्पा आयसीयूत होते. अकरा रात्री ती बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होती आणि अकराही रात्री तिच्या मांडीवर एक जाडजूड, कोपरे दुमडलेलं पुस्तक होतं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. एका नातेवाइकानं ऐकवलंच, ‘बाप आत मरणाशी झुंजतोय आणि ही राक्षसांच्या गोष्टी वाचतेय!’ हे तिनं मला नंतर सांगितलं. कारण मी तिथे नव्हते.

मी घरी होते. गादीवर. त्याच अकरा दिवसांत मी एका कोरियन सिरीजचे सोळाच्या सोळा एपिसोड संपवले. हॉस्पिटलचा वास, तिचा चेहरा, ‘बोलायचं काय?’ याचं टेन्शन, काहीच नको वाटत होतं. रोज रात्री ठरवायचे, हा एपिसोड संपला की फोन करते. मग स्क्रीनवर पुढच्या एपिसोडचे आकडे पाच, चार, तीन करत पळायचे, आणि त्यांच्या मागे मी. एक मेसेज तेवढा टाकला होता. ‘टेक केअर. आय ॲम देअर.’ देअर म्हणजे नेमकं कुठे, हे तिनं विचारलं नाही.

बाराव्या दिवशी पप्पा गेले. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसले आणि लवकर निघाले.

काही महिन्यांनी आम्ही कॉफीला भेटलो तेव्हा तिनं तो नातेवाइकाचा किस्सा सांगितला. वर म्हणाली, ‘त्यांना टॉल्किनचं लेक्चर वाचायला द्यायला हवं होतं.’

जे. आर. आर. टॉल्किन, म्हणजे ते जाडजूड पुस्तक लिहिणारा ऑक्सफर्डचा प्रोफेसर. पक्का कॅथलिक. ८ मार्च १९३९ रोजी त्यानं स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीत परीकथांवर एक व्याख्यान दिलं. त्यातला एक मुद्दा असा : लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. तुरुंगात अडकलेला माणूस सुटायला बघतो, ते एक. आणि सैनिक आघाडी सोडून पळतो, ते दुसरं. कैदी भिंतींपलीकडच्या जगाचा विचार करत असेल, तर त्यात लाज कसली? बाहेरचं जग त्याला दिसत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. त्याचं घर खरोखरच तिकडे आहे.

हे बोलणारा माणूस एसी केबिनमध्ये बसून फंडे मारत नव्हता, बरं का. चौथ्या वर्षी त्याचे वडील गेले, बाराव्या वर्षी आई. १९१६ मध्ये तो फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होता. त्याच वर्षी शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र युद्धात मारले गेले. तो स्वतः उवांमुळे होणाऱ्या ट्रेंच फीव्हरनं आजारी पडून इंग्लंडला परतला आणि त्या दुखण्याच्या काळात त्यानं आपल्या काल्पनिक जगाच्या सुरुवातीच्या कथा लिहायला घेतल्या. आघाडीवरून पळणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याचा मित्र सी. एस. लुईस, म्हणजे ‘नार्निया’वाला, यानं टॉल्किनचा एक प्रश्न लिहून ठेवलाय. सुटकेच्या कल्पनेची सगळ्यात जास्त धास्ती कुणाला असते? अर्थातच जेलरला! पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘कुठल्या स्वप्नात असतेस गं’ म्हणालं, की आधी त्याच्या कमरेला किल्ल्या आहेत का बघा.

टॉल्किनच्या दृष्टीनं कल्पनाशक्ती हा टाइमपास नव्हताच. त्याचं लॉजिक साधं होतं. माणूस निर्मात्याच्या प्रतिमेत घडलाय, तेव्हा तोही आपल्या परीनं जगं निर्माण करणारच. आणि चांगल्या परीकथेत सगळं संपलं असं वाटत असताना जे अचानक आनंदाचं वळण येतं, ते त्याला ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात दिसायचं. फरक एवढाच की त्याच्या मते ही एक गोष्ट खरी घडली होती.

सगळे ख्रिश्चन असा विचार करतात असं मात्र नाही. अमेरिकेतल्या काही ख्रिश्चन गटांनी ‘हॅरी पॉटर’ शाळांच्या लायब्ररीतून काढा म्हणून बराच आरडाओरडा केला होता. जादूटोणा शिकवतं म्हणे! कल्पनाशक्तीची भीती आणि तिच्यावरचं प्रेम, दोन्ही एकाच धर्मात नांदतात.

‘पण तुझे पप्पा तर गेले. आनंदाचं वळण कुठे आलं?’ मी विचारलं. बोलून झाल्यावर वाटलं, जीभ चावावी. ती शांतपणे म्हणाली, ‘नाही आलं. पण पुस्तकातला फ्रोडोसुद्धा जिंकून घरी येतो आणि त्याची जखम बरी होत नाही. दुःख नाहीच असं टॉल्किन कुठे म्हणतो? दुःखाचा शब्द शेवटचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मी रात्री तासभर वाचायचे आणि मग मला उठून डॉक्टरांशी बोलायची ताकद यायची.’

माझा देवाशी हिशेब अजून ओपन आहे, त्यामुळे ‘शेवटचा शब्द’ कुणाचा, यावर मी गप्प. पण दुसरं वाक्य जिव्हारी लागलं. ती वाचून उठायची. मी सोळावा एपिसोड संपवून सतरावा शोधत होते. कैदी कोण आणि पळपुटा सैनिक कोण, ते मला त्या कॉफीच्या टेबलावरच कळलं. मी मान डोलावली आणि बिल मागवलं.

आता खरा प्रश्न. आपण सुटतोय की पळतोय, हे त्या क्षणी ओळखायचं कसं? बाहेरून तर दोन्ही सारखंच दिसतं. मांडीवर पुस्तक, हातात मोबाइल, नजर शून्यात.

याचं उत्तर मला मागच्या महिन्यात एका कामासाठी वाचताना सापडलं. इग्नेशियस लोयोला. स्पेनमधला उमराव घराण्यातला, वय तिशीच्या आसपास, म्हणजे आपल्याच पिढीचा म्हणा. कपड्यांचा शौक आणि नाव कमवायची हौस. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा पायावर बसला. हाड वेडंवाकडं जुळलं. घट्ट बूट घातल्यावर पाय वाईट दिसेल म्हणून या पठ्ठ्यानं पुढे आलेलं हाड कापून घेतलं. भुलीचं औषध नसतानाच्या काळात!

मग महिनोन् महिने अंथरुणात. त्यानं शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाली दोन पुस्तकं, एक ख्रिस्ताचं चरित्र आणि एक संतांच्या कथांचं. नाइलाजानं वाचली. आणि पडल्या पडल्या तो दोन प्रकारची मनोराज्यं करायला लागला. एक म्हणजे एका उच्च घराण्यातल्या स्त्रीसाठी आपण काय पराक्रम गाजवू आणि तिच्याशी काय डायलॉग मारू. यात तासन् तास जायचे. दुसरं म्हणजे संत फ्रान्सिसनं केलं ते मी केलं तर?

मजा दोन्हींत यायची. पण हळूहळू त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं, चिडचिडं व्हायचं. दुसरं संपल्यावरही मन प्रसन्न राहायचं. बस्स. या एका निरीक्षणानं त्याचं आयुष्य फिरलं. स्वप्न बघताना काय वाटतं यापेक्षा, संपल्यावर मागे काय उरतं ते बघ.

पुढे त्यानं कल्पनाशक्तीला प्रार्थनेच्या कामालाच जुंपलं. त्याच्या ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस’मध्ये साधकाला डोळे मिटून नाझरेथ ते बेथलेहेमचा रस्ता बघायला सांगितलंय. किती लांब आहे? सपाट आहे की डोंगरातून जातो? ती गुहा केवढी आहे, उंच की बुटकी? आणि हे सगळं कशासाठी, तर डोळे उघडल्यावर आपण काय करायचं ते ठरवण्यासाठी. पॅरिसमधला त्याचा रूममेट फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला येऊन पोचला. धोबी तलावला कॉलेजच्या पाटीवर ज्याचं नाव आहे, तोच हा.

मी आठवडाभर स्वतःवर ही टेस्ट करून बघितली. प्रकाशन सोहळा संपला की दादरला उतरताना तोंड कडू. जुन्या बॉसवरचा राग आणखी ताजा. पण एक दुसरं, छोटंसं दृश्य मधूनच यायचं. वसई. तिच्या घराचा ओटा. मी तिथे बसलेय आणि खरं काय ते सांगतेय. ते बघताना पोटात गोळा यायचा. पण दृश्य सरल्यावर श्वास मोकळा व्हायचा.

रविवारी गेले. आधी फोन केला, एका दमात, एपिसोड न लावता. ट्रेनमध्ये सगळं भाषण पाठ करत होते. ‘मी घाबरले होते, मी वाईट मैत्रीण आहे, तू मला...’ माझेही ओठ हलत असणार.

ओट्यावर तिच्या मम्मीनं चहा आणि सुकेळी आणून ठेवली. मी भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला ती म्हणाली, ‘माहितीय मला. आधी चहा घे.’

मग हसत तिनं बायबलमधला उधळ्या मुलाचा दाखला सांगितला. मुलगा बापाकडून वाटा घेऊन दूर देशी पळतो, सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते. तिथे उपाशीपोटी त्याला बापाचं घर आठवतं. बापाला काय म्हणायचं ते तो मनात पाठ करतो, आणि उठून चालायला लागतो. बाप त्याला दुरूनच बघून धावत येतो. पाठ केलेलं भाषण त्याला पुरतं बोलूच देत नाही.

‘तोही डुकरांमध्ये बसून स्वप्नच बघत होता की,’ ती म्हणाली. ‘पण मग उठला.’

मी दुसरं सुकेळं घेतलं. तिनं विचारलं, ‘बरं, त्या कोरियन सिरीजमध्ये शेवटी लग्न होतं का गं त्यांचं?’

होतं, म्हटलं. आणि मग मी तिला अख्खी स्टोरी सांगत बसले. संध्याकाळची गाडी चुकली.