आंबिलीची जागा फलकावर की अंगणवाडीत?

काजव्यांचा हंगाम सुरू झाला, की भंडारदऱ्याच्या रस्त्याला मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. पाठोपाठ पावसाळा येतो, रंधा धबधबा भरतो आणि घाटघर, रतनवाडीच्या वाटेवर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा उरत नाही. या गर्दीसाठी लागलेल्या फलकांवर 'चुलीवरचे जेवण' तर असतेच. आता नागलीची भाकरी आणि रानभाज्याही त्यावर दिसतात. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, केंद्र सरकारने या धान्यांना 'श्रीअन्न' म्हटले, महाराष्ट्रानेही त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात श्रीअन्न अभियान जाहीर केले. ज्या अन्नाला 'गरिबाचे' म्हणून नाक मुरडले जात होते, ते शहरातल्या दुकानांत सुबक पाकिटांतून मिळू लागले.

हे चांगलेच आहे. पण याच काळातले आरोग्याचे आकडे वेगळी गोष्ट सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि 36 टक्के बालके कमी वजनाची होती. सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील रक्तक्षयाचे प्रमाण आधीच्या सर्वेक्षणातील सुमारे 54 टक्क्यांवरून 69 टक्क्यांवर गेले. 15 ते 49 वयोगटातील महिलांमध्ये ते 48 वरून 54 टक्क्यांवर पोहोचले. कुपोषणाचा भार आदिवासी पट्ट्यांत अधिक असतो, हे राज्याला नवे नाही. मग पारंपरिक अन्नाच्या या कौतुकाचा फायदा नेमका कोणाला होतो आहे?

नदीकाठचे सूप

असाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोतील एका सुपाच्या बाबतीतही पडतो. वाहाका राज्याच्या उत्तरेकडील डोंगरात उसिला नावाचे गाव आहे. तिथल्या चिनांतेक आदिवासींमध्ये तापल्या दगडांवर सूप शिजवण्याची जुनी रीत आहे. नदीकाठच्या वाळूत खड्डा करून त्यात मोठी पाने अंथरायची किंवा भोपळ्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली वाटी घ्यायची. त्यात पाणी, नदीतले ताजे मासे, कोळंबी, टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर घालायची. शेजारच्या जाळात बराच वेळ तापवलेले लालबुंद दगड एकेक करून त्यात सोडायचे. पाणी खळाळते आणि काही मिनिटांत मासे शिजतात. हे सूप पुरुष रांधतात. स्त्रिया, वृद्ध आणि मुले यांचा मान राखण्यासाठी ते त्यांना वाढले जाते.

यामागचे विज्ञान साधे आहे. एक लिटर पाणी 25 अंशांवरून 95 अंशांपर्यंत न्यायला सुमारे 70 किलोकॅलरी उष्णता लागते. दगडाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता पाण्याच्या साधारण पाचव्या भागाइतकीच असते. पण दगड पाण्याहून कितीतरी अधिक तापवता येतो. 600 अंशांना तापलेला एक किलो दगड 95 अंशांपर्यंत निवताना जवळपास 100 किलोकॅलरी देतो. वाफेतून आणि हवेत जाणारी उष्णता सोडली, तरी लिटरभर पाण्याला किलोभर दगड पुरतो. भांडे विस्तवावर ठेवावेच लागत नाही. त्यामुळे पान, लाकूड, कातडे, भोपळा, काहीही भांडे होऊ शकते.

म्हणूनच मातीची किंवा धातूची भांडी हाताशी नसलेल्या अनेक समाजांनी ही युक्ती वापरली. उत्तर अमेरिकेतील असिनिबॉइन या जमातीच्या नावाचा अर्थच 'दगडांनी रांधणारे' असा होतो. आयर्लंडमध्ये तापवून फुटलेल्या दगडांचे प्राचीन ढीग जागोजागी सापडतात. तिथले पुरातत्त्वज्ञ एम. जे. ओ'केली यांनी 1950 च्या दशकात प्रयोग करून दाखवले, की लाकडी हौदातले सुमारे 450 लिटर पाणी तापल्या दगडांनी अर्ध्या तासाच्या आसपास उकळते. आपल्याकडेही हे तत्त्व अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत दूषित पाणी शुद्ध करण्याचे जे उपाय आहेत, त्यांत उकळणे आणि उन्हात तापवणे यांबरोबरच तापवलेला लोखंडाचा गोळा, वाळू किंवा ढेकूळ पाण्यात विझवणे हाही एक उपाय सांगितला आहे.

दगडामुळे सुपात औषधी गुण उतरतात, असे मात्र समजू नये. काही मिनिटांच्या संपर्कात दगडातून पोषणाला उपयोगी पडेल इतके काही पाण्यात येत नाही. पोषण येते ते माशातून आणि भाज्यांतून. भंडारदऱ्याच्या सहलीत कोणी हा प्रयोग करू नये, हेही सांगायला हवे. नदीतल्या दगडाच्या भेगांत पाणी असते; तापल्यावर त्याची वाफ होऊन दगड फुटतो आणि कपच्या गोळीसारख्या उडतात. सह्याद्रीतल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तर बऱ्याचदा झिओलाइटसारखी, मुळातच पाणी धरून ठेवणारी खनिजे असतात. कोणता दगड घ्यायचा आणि कोणता टाकायचा, हे चिनांतेकांचे पिढ्यांचे ज्ञान आहे.

आज हे सूप वाहाका शहराजवळच्या रेस्तराँत मिळते, परदेशी पर्यटक त्यासाठी मुद्दाम जातात. उसिलाहून आलेल्या माणसांनीच ते तिथे नेले, त्यामुळे पैसाही त्यांच्याकडे जातो. पण ज्या खोऱ्यातून हे सूप आले, त्याची कहाणी इतकी गोड नाही. तिथे 1955 मध्ये मिगेल आलेमान आणि 1989 मध्ये सेर्रो दे ओरो ही दोन मोठी धरणे पूर्ण झाली आणि माझातेक व चिनांतेक समाजांतील हजारो कुटुंबे उठवली गेली. उसिला गाव जलाशयाच्या वरच्या अंगाला असल्याने राहिले. नदीकाठच्या सुपाला नदीकाठ लागतो आणि नदीतले मासेही लागतात. ते गेल्यावर पाककृती कागदावर राहते, रोजच्या जेवणातून ती जाते.

वर पाऊस, खाली पाणी

भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. सुमारे 11 अब्ज घनफुटांचा हा साठा प्रवरेच्या खालच्या, अवर्षणग्रस्त भागासाठी होता. त्या पाण्यावर प्रवराकाठी ऊस वाढला, लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, एका मोठ्या भागाचे नशीब पालटले. ज्या अकोले तालुक्याच्या डोंगरात हा पाऊस पडतो, तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांच्या वाट्याला मात्र पावसाळ्यात धो धो पाणी आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट आली. शेती बव्हंशी पावसावरची, एका हंगामाची. ती संपली की मजुरीसाठी खाली उतरायचे.

या शेतीत खाचरात भात आणि उतारावर नागली, वरई, खुरासणी अशी विभागणी होती. नागलीची आंबील हे या डोंगराळ भागाचे सूपच. पीठ रात्री पाण्यात किंवा ताकात भिजवायचे, ते आंबले की सकाळी उकळत्या पाण्यात मीठ घालून शिजवायचे, निवल्यावर ताक आणि लसूण. उन्हात काम करणाऱ्या माणसाला पाणी, मीठ आणि ताकद एकाच भांड्यातून मिळते. जोडीला हुलग्याचे माडगे, खेकड्याचा रस्सा आणि पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, करटुली अशा भाज्या. वरवर साधे दिसणारे हे ताट चांगलेच भरलेले होते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नागलीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम 7 ते 8. लोह नागलीत 4.6 मिलिग्रॅम, तांदळात 0.65. हुलग्यात प्रथिने 21 टक्क्यांहून अधिक आणि लोह पावणेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास. रेशनवर मिळणाऱ्या तांदूळ-गव्हाने भूक भागवली, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु घरची नागली मागे पडून तिच्या जागी फक्त तांदूळ आला, तर पोट भरते आणि कॅल्शियम व लोह कमी होते.

आंबील हा रामबाण नव्हे

इथे 'सुपरफूड'च्या जाहिरातींपासून सावध राहायला हवे. पेलाभर आंबिलीत साधारण 30 ग्रॅम पीठ धरले, तर त्यातून 110 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे 1.4 मिलिग्रॅम लोह मिळते. गर्भवतीची रोजची लोहाची गरज 27 मिलिग्रॅम आहे. शिवाय नागलीत फायटेट आणि टॅनिन ही लोह अडवून धरणारी द्रव्ये असतात. आंबवल्याने आणि मोड आणल्याने फायटेट कमी होते. सोबत लिंबू, आवळा किंवा करवंद असले तर लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेतला तर कमी. तेव्हा आंबील हा चांगल्या आहाराचा एक भाग आहे. लोहाच्या गोळ्या, जंतनाशक औषध आणि रक्ताची तपासणी यांची जागा ती घेऊ शकत नाही. काही आदिवासी समाजांत रक्तक्षयामागे सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार असतो. त्यावर आहार हा उपचार नव्हे.

लहान बाळांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाला वरच्या अन्नाची जोड लागते. पण बाळाचे पोट लहान असते आणि पातळ पेजेत बहुतेक पाणीच असते. पीठ वाढवले तर पेज घट्ट होते, बाळ गिळत नाही. मोड आणून वाळवलेल्या नागलीच्या पिठात, म्हणजे नाचणीसत्त्वात, अमायलेज हे विकर तयार झालेले असते. ते स्टार्च तोडते, त्यामुळे जास्त पीठ घालूनही पेज पातळ राहते. तेवढ्याच वाटीत बाळाला अधिक ऊर्जा मिळते. घरोघरी माहीत असलेली ही कृती महागड्या डब्यातल्या पावडरीपेक्षा कुठेही कमी नाही.

कोणते धोरण उपयोगी

अकोले तालुक्यात बियाण्याचे काम आधीच झालेले आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बाएफ संस्थेच्या साथीने गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे वाण आहे, ते लावण्याचे ज्ञानही आहे. आता ते पीक शेतकऱ्याला परवडले पाहिजे आणि गावातल्या मुलाच्या ताटात आले पाहिजे.

2025-26 च्या हंगामासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये आहे, साध्या भाताचा 2,369. कागदावर नागली दुप्पट किमतीची ठरते. पण जवळ खरेदी केंद्र नसेल तर एक-दोन पोती घेऊन शेतकरी व्यापाऱ्याच्याच दारात जाणार. त्यात नागलीची लावणी, काढणी, मळणी बरीचशी हाताने होते आणि हे कष्ट मुख्यतः बायकांचे असतात. छोटी मळणी आणि भरडणी यंत्रे वाडीपर्यंत आली नाहीत, तर 'श्रीअन्न पिकवा' हा उपदेश तिच्याच कष्टात भर घालणारा ठरेल.

ग्राहक मात्र शोधायला लांब जावे लागत नाही. आदिवासी भागातील गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस गरम जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्यात 2015 पासून आहे. राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अंगणवाड्या आहेत, आश्रमशाळा आहेत. या स्वयंपाकघरांनी तालुक्यातल्याच बचत गटांकडून नागली, हुलगे आणि नाचणीसत्त्व ठरलेल्या भावाने घेतले, तर शेतकऱ्याला दरवर्षीची हमी मिळते आणि मुलांना ओळखीच्या चवीचे अन्न. हे अशक्य नाही. ओडिशाने 2017 मध्ये सुरू केलेल्या भरडधान्य मोहिमेत नागलीची सरकारी खरेदी केली, ती रेशनवर दिली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नागलीचे लाडू दिले. कर्नाटकातही रेशनवर नागली दिली जाते.

पर्यटनाचा वाटा यात दुय्यम, पण नगण्य नाही. भंडारदऱ्याला मुक्कामाला येणाऱ्याने नागलीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे मागितले आणि ते धान्य त्याच वाडीतले असले, तर चार पैसे तिथे राहतात. मात्र मागणी वाढून नागली महागली आणि पिकवणाऱ्या घराने ती सगळी विकून तांदूळ आणला, तर हेच पर्यटन उलटे पडेल. म्हणून आधी अंगणवाडीचा वाटा बाजूला काढावा आणि उरलेले बाजारात जावे, असा क्रम धोरणात लिहिलेला हवा.

महोत्सवात किती दुकाने लागली आणि किती पदार्थ विकले गेले, हे मोजणे सोपे असते. अकोल्याच्या वरच्या वाड्यांमध्ये नागलीखालचे क्षेत्र वाढले का, अंगणवाडीने ती किती क्विंटल विकत घेतली आणि दोन वर्षांखालच्या मुलांची वजने-उंची सुधारली का, हे तीन आकडे मोजायला थोडे अधिक कष्ट पडतील. ते दरवर्षी जाहीर झाले, तर श्रीअन्नाचा लाभ कोणाला मिळतो आहे याचे उत्तर मिळेल.