लेकराच्या वाढीचे पुस्तक घेताना



धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नवेगाव बांधकडची आपली माणसे दीक्षाभूमीवर जातात आणि येताना पिशवीत पुस्तके आणतात. ही बाबासाहेबांची शिकवण. पण दोन-तीन वर्षांच्या लेकराला कसे वाढवावे, हे सांगणारे पुस्तक त्यात क्वचितच असते. तेही यावे, असे आम्हाला वाटते.

मात्र मजुरीचे पैसे मोडून घ्यायचे, तर पारखून घ्यावे. ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, हिताचे आहे का ते अनुभवाने तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तोच नियम इथे लावावा.

आधी वय पाहावे. गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ नामांकित आहे. पण त्यात चौथीच्या वर्गाची हकीकत आहे. गुरुजींनी ते जरूर वाचावे. रांगत्या बाळाच्या आईला दुसरे पुस्तक हवे.

मग खर्च पाहावा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे आदिवासी पाड्यांवर अंगणातच मुले जमवली. शिंपले, बिया, पाने हेच त्यांचे साहित्य. आपल्याकडेही चिंचोके, पळसाची पाने, तलावाकाठची माती आहे. महागडी खेळणी घ्यायला लावणारे पुस्तक परत ठेवावे. मात्र तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती बी-खडा देऊ नये, घशात अडकतो. हेही चांगले पुस्तक सांगतेच.

शेवटी सल्ला पाहावा. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर नवस, ताईत किंवा मार सांगणारे पुस्तक खोटे. डॉक्टरांना दाखवा म्हणणारे खरे. यात उशीर झाला तर नुकसान लेकराचेच होते.

विकत घेणे जमत नसेल, तर अंगणवाडीतून किंवा दवाखान्यातून मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड नीट पाहावे. कोणत्या महिन्यात बाळाने काय करावे, ते त्यात चित्रांसह दिलेले असते.

रोवणीच्या दिवसांत आई बांधीत आणि लेकरू आजीपाशी असते. म्हणून पुस्तक आजीलाही कळले पाहिजे. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर शिकलेल्या मुलीने दोन पाने मोठ्याने वाचावीत, आयाबायांनी आपले अनुभव सांगावेत. एकाच्या पैशात साऱ्या वस्तीची लेकरे शहाणी होतील.