मडकं टांगण्याआधी

"लव्हबर्डने अंडी घातलीत, आता काय करू?"

माझ्या घरी पक्षी आहेत हे ज्यांना ज्यांना माहीत आहे, ते सगळे कधी ना कधी हा प्रश्न विचारतात. ऑफिसातला टेस्टर विचारतो, चाळीतल्या काकू विचारतात, मावसबहीण तिच्या सासरच्यांतर्फे फोन करून विचारते. माझं उत्तर ठरलेलं. काही करू नका. आई बसली आहे ना तिथे? तिला करू द्या.

हे उत्तर कुणालाच आवडत नाही. आपल्याला काहीतरी करायचं असतं! कापूस घालू का, बल्ब लावू का, पिल्लांना दुधात काही कालवून भरवू का... म्हणून म्हटलं, या वीकांताला जरा सविस्तर लिहावं. माझा मुद्दा साधा आहे. पिल्लं वाढवणं हे त्यांच्या आईचं काम, आपलं नाही. आपलं काम त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर असतं. आणि आपण नेमकं उलटं करतो. मधे लुडबुड करतो, आणि आधीचा-नंतरचा विचारच करत नाही.

पहिल्यांदा नावाचा गोंधळ मिटवू. आपण 'लव्हबर्ड्स' म्हणून जे हिरवे-पिवळे-निळे, पाठीवर काळ्या लाटांसारख्या रेघा असलेले चिमुकले पोपट घरी आणतो, ते बहुतेक वेळा बजरीगार असतात. लाडाने बजी. हे ऑस्ट्रेलियाचे. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडला नेले आणि मग जगभरच्या पिंजऱ्यांत ते पसरले. खरे लव्हबर्ड्स आफ्रिकेकडचे, अंगाने गुटगुटीत, शेपूट आखूड. हा फरक नुसता पुस्तकी नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलेल्या नियमांनुसार बऱ्याच परदेशी प्राणी-पक्ष्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते, घरात पिल्लं झाली तर त्यांचीसुद्धा. खऱ्या लव्हबर्ड्सच्या बहुतेक जाती त्यात येतात, बजी येत नाहीत. आणि आपला गळ्यात कंठ असलेला हिरवा राघू? तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, मग आजोबांच्या वेळी गिरगावातल्या गॅलऱ्यांमधून कितीही 'विठू विठू' ऐकू येत असलं तरी. तेव्हा घरात नक्की कोण आहे ते आधी बघून घ्या.

आता मडक्याकडे वळू. आपल्याकडे पक्ष्यांच्या दुकानात पिंजऱ्याबरोबर एक छोटं, बाजूला भोक पाडलेलं मडकं मिळतं. बजी निलगिरीच्या झाडांच्या ढोलीत अंडी घालणारे पक्षी, त्यामुळे मडकं म्हणजे त्यांच्या दृष्टीने आयती ढोलीच. मादी आत जाते, एक दिवस आड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते आणि त्यांच्यावर बसते. एक अंडं उबायला सुमारे १८ दिवस लागतात. पण सगळी अंडी होईपर्यंत ती थांबत नाही, सुरुवातीपासूनच बसायला लागते. म्हणून पिल्लंही एक दिवस आड एक अशीच बाहेर येतात. पाच पिल्लं असतील तर थोरल्यात आणि धाकट्यात आठवड्याभराचं अंतर पडतं. थोरल्याचे डोळे उघडायच्या बेताला आलेले असतात तेव्हा शेंडेफळ दीड-दोन ग्रॅमचं, उघडंवाघडं, आंधळं असं शेजारी पडलेलं असतं.

हे बघितलं की माणसाचा जीव कळवळतो. मोठी पिल्लं सगळं खाऊन टाकणार, धाकटं मरणार, चला आपणच भरवूया! थांबा. ज्यूडी स्टॅम्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली बजींच्या घरट्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते मोठं मजेशीर आहे. बाप जो जास्त ओरडेल त्याला भरवतो. आई मात्र ओरडण्याकडे फारसं लक्ष न देता लहान पिल्लांना झुकतं माप देते. (आपल्या घरातही काही वेगळं असतं का, सांगा!) म्हणजे ज्या प्रश्नावर आपण उपाय शोधायला निघालो, तो तिने आधीच सोडवलेला आहे.

ती भरवते तेही आपल्या कल्पनेतलं 'दाणा चोचीत देणं' नव्हे. बाप बाहेरून खाऊन येतो आणि तिला भरवतो, ती ते स्वतःच्या पोटातल्या पातळ रसात मिसळून पिल्लाला देते. अगदी लहान पिल्लू पाठीवर उताणं पडून खातं. दिवसा तर हे चालतंच, रात्रीही मधूनमधून चालतं. किती पातळ, किती गरम, केव्हा, कुणाला, हे सगळं तिला ठाऊक असतं. आमच्या धंद्यात एक नियम आहे: प्रॉडक्शनमध्ये जे नीट चालतंय त्याला उगाच हात लावायचा नाही. मडकं म्हणजे प्रॉडक्शन.

तरी हल्ली 'हँडफेड', 'टेम' पिल्लांचं फार कौतुक वाढलंय. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असताना आईपासून काढायचं, सिरिंजने पेस्ट भरवायची, की ते माणसाळतं आणि भावही जास्त मिळतो. मला हे पटत नाही. पेस्ट जरा जास्त गरम झाली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते. गार राहिली तर अन्न पचत नाही, आंबतं. घाईत भरवलं तर श्वासनळीत जातं आणि पिल्लू तिथल्या तिथे मरतं. हे सगळं कशासाठी, तर ते आपल्या बोटावर बसावं म्हणून. अहो, ते तसंही बसतं! आईजवळ वाढलेलं पिल्लू पिसं फुटल्यावर रोज पाच मिनिटं हातात घेऊन परत ठेवा, आणि स्वतःचं खायला लागल्यावर थोडी चिकाटी ठेवा. महिन्याभरात खांद्यावर बसून कानाशी बडबड करायला लागेल. घाई आपल्याला असते, त्याला नसते.

आई मेली, किंवा तिने पिल्लांना टाकलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पहिला पर्याय बापाचा. पिल्लं जरा मोठी असतील तर तो एकटा निभावून नेऊ शकतो. दुसरा पर्याय त्याच वयाची पिल्लं असलेल्या दुसऱ्या मादीचा. सिरिंज सगळ्यात शेवटी, आणि तीही पक्ष्यांच्या डॉक्टरकडून शिकून. दादर-लालबागकरांना त्यासाठी लांब जायला नको. परळचं बैलघोडा हॉस्पिटल (पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल) आपल्या उंबरठ्यावरच आहे. बैल आणि घोडे नावापुरते, उन्हाळ्यात तहानेने कोसळलेले आणि संक्रांतीला मांज्याने कापलेले पक्षी तिथे दरवर्षी येतात.

मग आपलं काम काय? आधीचं काम म्हणजे मडकं टांगायचं की नाही हे ठरवणं. माझ्या मते पक्षी पाळणाऱ्याचा सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो बहुतेकांनी घेतलेलाच नसतो. दुकानदाराने पिंजऱ्याबरोबर दिलं म्हणून टांगलं, इतकंच.

ऑस्ट्रेलियात बजी वाटेल तेव्हा अंडी घालत नाहीत. पाऊस पडला, गवताला बी धरलं, ढोली मिळाली, की भराभर पिल्लं काढायची, नाहीतर थांबायचं आणि दुसरीकडे उडून जायचं. आता आपल्या घरातला पिंजरा बघा. राळ्याची वाटी कायम भरलेली, पाणी कायम, ढोली कायम. तिच्या हिशोबाने पाऊस थांबतच नाही! मग ती अंडी घालत राहते. पहिली पिल्लं मडक्यातून उतरतायत तोवर दुसरी अंडी. प्रत्येक अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम तिच्याच तीस-चाळीस ग्रॅमच्या शरीरातून जातं. समुद्रफेस ठेवला तरी त्याला मर्यादा आहे. शेवटी अंडं आत अडकतं, मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसते, आणि सकाळी आपण म्हणतो, "काल तर चांगली होती."

पाऊस थांबवणं आपल्या हातात आहे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पिल्लं होऊ द्यायची आणि मग मडकं काढून माळ्यावर टाकायचं. काहींना हे क्रूर वाटतं. "तिचं बाळंतपण अडवायचं?" असं मला एका काकूंनी विचारलं होतं. मी म्हटलं, काकू, तुमच्या आजीला किती मुलं होती आणि तुम्हाला किती? त्या हसल्या. पुढचं बोलायची गरज पडली नाही.

टांगायचंच ठरलं तर तयारीही आधीच करायची. मडक्याच्या तळाशी लाकडाचा जाडसर भुसा घाला, कारण गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात ते फाकलेलेच राहतात. कापूस, चिंध्या नकोत, त्यात नखं अडकतात. बल्ब नको, मुंबईच्या हवेत आईची ऊब पुरते. राळ्या-बाजरीबरोबर कोथिंबीर, पालक, थोडं उकडलेलं अंडं द्या. पिंजरा खिडकीच्या ग्रिलमध्ये टांगू नका. आपल्याकडचे कावळे गजांतून पाय धरून ओढतात आणि रात्री उंदीर तेच करतात. घरात नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका, त्याची वाफ आपल्याला कळतही नाही आणि पक्षी मिनिटांत मरतात. आणि घरात दम्याचं माणूस असेल तर मुळात विचार करा. दहा बाय बाराच्या खोलीत पिसांची आणि विष्ठेची धूळ थेट छातीत जाते.

नंतरचं काम म्हणजे पिल्लं वेगळी कधी करायची हे ठरवणं. साधारण तीस-पस्तीस दिवसांनी पिल्लं मडक्याबाहेर येतात. पूर्ण पिसं, चक्क उडतातही. बघणाऱ्याला वाटतं, झाली मोठी. इथेच घात होतो. दाणा सोलणं त्यांना अजून येत नसतं. पुढचा आठवडा-दीड आठवडा बाप भरवतो, आणि ती त्याचं बघून शिकतात. या दिवसांत कुणाला भेट म्हणून दिलेलं पिल्लू भरलेल्या वाटीसमोर उपाशी मरू शकतं. नव्या माणसाला वाटीत दाणे दिसतात, प्रत्यक्षात वर नुसती टरफलं असतात. म्हणून सहा आठवड्यांच्या आत, आणि ते स्वतः दाणे सोलून खाताना आपल्या डोळ्यांनी दोन-चार दिवस बघितल्याशिवाय, पिल्लू द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही.

पण 'आईजवळ' म्हणजे कायम आईजवळ असंही नव्हे. मडकं तसंच राहिलं आणि तिने पुन्हा अंडी घातली, तर तीच आई मडक्यात शिरू पाहणाऱ्या मोठ्या पिल्लांना चोचीने रक्तबंबाळ करते. तो तिचा दोष नाही. जंगलात ती पिल्लं केव्हाच थव्यात उडून गेली असती. इथे जायला जागा नाही, ती जागा आपण करायची. दुसरा पिंजरा घ्यायचा, नाहीतर आधीच ठरवलेली घरं हवीत.

ही घरं आधी ठरवायची हाच कळीचा मुद्दा. हिशोब करा. एक जोडी, वर्षाला दोन वेळा, दर वेळी पाच. वर्षाअखेर दोनाचे बारा. पुढच्या वर्षी त्यातल्याच भावंडांच्या जोड्या जमतात. कौतुक संपतं, वास सुरू होतो, घरचे कुरकुरतात. मग कुणीतरी पुण्यकर्म म्हणून पिंजऱ्याचं दार उघडतं आणि पक्षी 'मोकळे' करतं. ज्याने आयुष्यात वाटीबाहेर दाणा पाहिला नाही, असा पिवळाधमक पक्षी परळच्या आकाशात किती वेळ टिकेल? पहिला कावळा दिसेपर्यंत. ती मुक्ती नाही, जबाबदारी झटकणं आहे.

पक्ष्यांना दाणे घालण्यात आपण मुंबईकर कुणाला हार जाणार नाही. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली केवढं रान उठलं ते आपण पाहिलं. त्या वादात मी पडत नाही. एवढंच म्हणतो की दाणे टाकताना जे प्रेम वाटतं ते खरंच असतं, पण त्या दाण्यांवर जे वाढतं त्याचं पुढे काय, हा प्रश्न प्रेमाने सुटत नाही. त्याला आकडेमोड लागते.

पक्षी पाळूच नयेत असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण जे पिंजऱ्यात जन्मलेत त्यांना परत जायला ऑस्ट्रेलिया नाही, त्यांना आपणच आहोत. तेव्हा निदान काम तरी वाटून घेऊ. भरवायचं, उबवायचं, धाकट्याला सांभाळायचं, हे तिचं. किती वेळा, किती आणि कुणाकडे, हे आपलं.

कुणी मडकं घेऊन घरी आलंच असेल, तर टांगण्याआधी एक कागद घ्या आणि पाच घरांची नावं लिहा. पाच नावं होत नसतील, तर मडक्यात मनीप्लँट छान लागतो.